भट्टी कोणी पेटवली?

देवनहळ्ळी म्हटलं की आता विमानतळच डोळ्यांसमोर येतो. २००८ च्या मे महिन्यात तो सुरू झाला आणि बेंगळुरूपासून तीसपस्तीस किलोमीटरवरचं हे किल्ल्याचं गाव जगाच्या वाटेवर आलं. गावाच्या पेठेत मात्र बेंगळुरूच्या कुठल्याही भागात दिसतात तशाच अय्यंगार बेकऱ्या दिसतात. काचेच्या कपाटात खारा बन, भाजी भरलेला पल्या बन, खोबरं नि टूटीफ्रूटी घातलेला दिलपसंद, बेण्णे बिस्किटं, जॅम फासून वर खोबऱ्याचा कीस भुरभुरलेला हनी केक. या कपाटासमोर ज्यू धर्मशास्त्र काटेकोर पाळणारा एखादा प्रवासी उभा राहिला, तर त्याला यातलं काय खाता येईल?

प्रश्न अगदीच हवेतला नाही. बेंगळुरूत इस्रायलचा वाणिज्य दूतावास आहे, खबाद या ज्यू चळवळीचं केंद्र आहे, आणि संगणकाच्या धंद्यामुळे तेल अवीवची माणसं इथे येत-जात असतात. आपल्याकडचं तयार उत्तर असं: ‘अहो, शुद्ध शाकाहारी बेकरी आहे, अंडंसुद्धा घालत नाहीत, मग अडचण काय?’ हे उत्तर अर्धंच बरोबर आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी पार अलिबागपर्यंत जावं लागतं.

आधी बरोबर असलेला अर्धा भाग पाहू. कोशेर, म्हणजे ज्यू शास्त्राला चालणाऱ्या अन्नाच्या (आपले कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, ‘काशेर’ही म्हणतात) नियमांचं मोठं ओझं मांसावर आहे: कोणता प्राणी, कसा कापला, रक्त कसं काढलं. बेकरीत मांसच नसलं की ते ओझं एकदम उतरतं. डुकराची चरबी नाही, जिलेटिन नाही. अंड्यात रक्ताचा ठिपका निघाला तर ते टाकून द्यायचं, म्हणून कोशेर बेकरीत प्रत्येक अंडं वेगळ्या वाटीत फोडून बघतात. अय्यंगारांकडे तो व्यापच नाही. १८९८ मध्ये चिक्कपेटेत हासनकडच्या तिरुमलाचार यांनी बी. बी. बेकरी काढली आणि पुढे हासन जिल्ह्यातल्या अय्यंगार घरांनी शहरभर बेकऱ्या थाटल्या. ब्राह्मणी सोवळ्याला रुचेल असा पाव करणं हीच त्या धंद्याची मेख होती. म्हणजे एका धर्माच्या खाण्याच्या नियमांत बसणारी बेकरी बेंगळुरूला नवी नाही.

पण पाकिटावरचा शाकाहाराचा हिरवा ठिपका एकाच प्रश्नाचं उत्तर देतो: यात प्राण्याचं अंग आहे का? दूध त्याला चालतं, आणि कोशेर बेकरीचा पहिला खटका दुधापाशीच उडतो. मांस आणि दूध एका जेवणात चालत नाही. पाव तर दोन्हींबरोबर खाल्ला जातो. दूध घातलेला पाव चुकून मांसाच्या ताटात जाऊ नये म्हणून शास्त्रानं दुधाचा पाव भाजायलाच मनाई केली. सवलत दोन प्रकारांना: एका बैठकीत संपेल इतका थोडा केला तर, किंवा आकार इतका वेगळा ठेवला की बघताक्षणी ओळखू येईल. बेंगळुरूचा ‘मिल्क ब्रेड’, लोण्यात मळलेला बन, हे इथेच अडतात. बिस्किटं आणि केक सुटतात, कारण त्यांच्याबरोबर कोणी मटण खात नाही.

दुसरी अडचण चीजची. शाकाहारी रेनेट वापरलं तरी ज्यू देखरेखीशिवाय झालेलं चीज बहुतेक रब्बींना (ज्यू धर्मगुरूंना) चालत नाही, त्यामुळे चीज टोस्ट गेला. द्राक्षाचा रस, वाइन आणि वाइनचं व्हिनेगर यांचंही तसंच. टूटीफ्रूटी कच्च्या पपईची असते, तिला कोणाची ना नाही. तिचा लाल रंग मात्र कृत्रिम की किड्यापासून काढलेला कार्मिन, हे विचारावं लागतं. पीठ चाळून किडे-जाळ्या काढणं हेही शास्त्रात आहे. आपल्या घरांत हे काम आजीच्या सवयीचा भाग होतं, तिथे ते धर्मकृत्य आहे. मग पावाला मऊ ठेवणारी मिश्रणं, यीस्टला मदत करणारी एन्झाइमं, ४७१ क्रमांकाची इमल्सिफायरं. ही पाम तेलापासूनही निघतात आणि गुरांच्या चरबीपासूनही. भारतात हिरवा ठिपका लावायचा तर चरबीची वाट बंदच, पण ज्या यंत्रात ती तयार झाली त्यात आधी काय शिजलं होतं हे ठिपका सांगत नाही. म्हणून भारतातले कितीतरी कारखाने परदेशी कोशेर संस्थांचा दाखला घेतात आणि रब्बी येऊन बॉयलर, टाक्या, पाइप बघून जातात. या दाखल्यांचा इथल्या ज्यू माणसाच्या ताटाशी फारसा संबंध नसतो, ते निर्यातीचे कागद आहेत.

साहित्याचा भाग इथे संपतो. एवढ्यावर भागलं असतं तर कोशेर बेकरी म्हणजे जरा जास्त काटेकोर शाकाहारी बेकरी, इतकंच झालं असतं. खरी गोम पुढे आहे: पाव कशाचा केला यापेक्षा कोणी भाजला.

दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू संहितेत परधर्मीयाच्या पावाला बंदी आहे. कारण चवीचं नाही, स्वच्छतेचंही नाही. एकमेकांची भाकर खायला लागले की पंक्ती जमतात आणि पंक्ती जमल्या की सोयरिकी जमतात. मराठी वाचकाला हे समजावून सांगायची गरज नाही. रोटीव्यवहार आणि बेटीव्यवहार हे शब्द आपण जोडीनंच शिकलो. १८४९ मध्ये मुंबईत निघालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेताना ख्रिस्ती माणसानं भाजलेला पाव खावा लागे, कारण जात मोडायची तर सुरुवात पावापासून करायची हे त्या तरुणांना नेमकं कळलं होतं. १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये चहा-बिस्किटं पुढे आली आणि टिळक-रानड्यांपर्यंत सगळ्यांना प्रायश्चित्ताचा घोळ निस्तरावा लागला. त्या बिस्किटांत काय घातलं होतं हे कोणी विचारलं नाही.

मात्र ज्यू शास्त्र पुढे आपल्या रूढीच्या बरोबर उलट वळलं, आणि हा भाग मला सगळ्यात रंजक वाटतो. आपल्याकडे ओळखीच्या घरचं चाले, बाजारातलं नको असे. भटारखान्याचा पाव बाटवणारा आणि शेजारच्या काकूंची पोळी निर्धोक. सोळाव्या शतकात योसेफ कारो यांनी ‘शुल्हान आरूख’ हा संहिताग्रंथ रचला, त्यात उलटं आहे: परधर्मीय शेजाऱ्याच्या घरचा पाव नको, पण परधर्मीय बेकरीवाल्याचा चालेल, निदान तितका चांगला ज्यू बेकरीवाला जवळ नसेल तर. क्राकोच्या मोशे इस्सेर्लेस यांनी ही सवलत आणखी सैल केली. तर्क सरळ आहे. दुकानदार पैसे घेतो आणि पाव देतो, त्याच्या ओसरीवर बसून कोणी गप्पा मारत नाही. शेजारी पैसे घेत नाही, तो जेवायला बोलावतो, आणि त्याच्या घरात लग्नाच्या वयाची मुलं असतात. बाजारात माणूस परका राहतो, म्हणून बाजार सुरक्षित. शेजाऱ्याच्या चांगुलपणाचीच शास्त्राला भीती वाटते, हे वाचून हसू येतं आणि थोडं वाईटही वाटतं.

म्हणजे आपल्या देवनहळ्ळीच्या प्रवाशाला, साहित्य निर्दोष असेल तर, बेकरीतला बिनदुधाचा पाव या सवलतीत घेता येईल. जास्त कडक माणूस मात्र ‘ज्यू पाव’च मागेल. तो मिळवण्याची युक्तीही शास्त्रातच आहे. सगळा पाव ज्यू माणसानं करायला नको, भाजण्यात त्याचा हात लागला की पुरे. लाकडाच्या भट्टीत त्यानं एक ढलपी टाकली तरी भागतं. हजार पावांची भट्टी एका ढलपीनं ज्यू होते!

या सगळ्या कायद्याला एक मोठं भगदाड आहे आणि ते नेमकं आपल्या बाजूला उघडतं. शास्त्राच्या लेखी पाव म्हणजे पाच धान्यांचा: गहू, बार्ली, राय, ओट आणि स्पेल्ट. तांदूळ, ज्वारी, नाचणी यांची भाकरी हा पावच नव्हे. तिला पावाची बंदी लागत नाही, तिच्या पिठातून पुरोहिताचा वाटा काढावा लागत नाही, तिच्यावर पावाचा आशीर्वादही म्हणत नाहीत. परक्यानं शिजवलेल्या अन्नाविषयी वेगळा नियम आहे, पण तोही राजाच्या पंक्तीला जाईल अशाच पदार्थाला लागतो. देवनहळ्ळीच्या आसपास रागी, म्हणजे नाचणी, पिकते आणि रागीचा मुद्दे हे इथलं रोजचं जेवण. माजी पंतप्रधान देवेगौडांना मुद्दे किती प्रिय हे सगळ्या देशाला ठाऊक आहे, तेव्हा राजाच्या पंक्तीचा निकष कर्नाटकात लावताना रब्बींनी जरा जपूनच बोलावं.

कोकणातल्या बेने इस्राएलांची गोष्ट इथे सुरू होते. त्यांच्या परंपरेनुसार नवगावजवळ जहाज फुटून सात पुरुष आणि सात स्त्रिया किनाऱ्याला लागल्या, आणि त्यांचे वंशज जुन्या कुलाबा जिल्ह्यातल्या गावोगाव तेलाचे घाणे चालवू लागले. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. ग्रंथ नव्हते, रब्बी नव्हते. डेव्हिड रहाबी नावाच्या ज्यू प्रवाशानं त्यांची परीक्षा घेतल्याची कथा आहे: त्यानं सगळ्या जातींचे मासे एकत्र करून बायकांपुढे ठेवले, आणि त्यांनी खवलं-पर नसलेले, म्हणजे शास्त्राला वर्ज्य, मासे न सांगता बाजूला काढले. कथा खरी की रचलेली हा वाद असो. शास्त्र स्वयंपाकघरात टिकलं होतं, एवढं ती सांगते.

या समाजानं बेकरी काढली नाही, कारण त्याला ती लागलीच नाही. अलिबाग-पेणकडची रोजची भाकरी तांदळाची, म्हणजे पावाच्या कायद्याबाहेरची. आणि दूध-मांसाचा तिढा? तो नारळानं सोडवला. मटणाच्या रश्शात नारळाचं दूध, आणि त्याच जेवणानंतरच्या गोडातही नारळाचंच दूध. युरोपातल्या ज्यू बेकरीवाल्यांना लोण्याला पर्याय शोधावा लागला. कोकणात तो परसात झाडाला लटकत होता.

याचा कळस म्हणजे ज्यू नववर्षाला होणारा चिकाचा हलवा. कुरडया घालणाऱ्या कोणत्याही मराठी घराला याची पहिली पायरी पाठ असते. गहू दोनतीन दिवस भिजत घालायचे, रोज पाणी बदलायचं, वाटून फडक्यातून पिळायचं, आणि तळाशी बसलेला पांढरा चीक वरचं पाणी ओतून घ्यायचा. कुरडयांसाठी तो मीठ-हिंग घालून शिजतो, इथे तो नारळाच्या दुधात आणि साखरेत जातो. मग जाड बुडाच्या पातेल्यात ढवळणं. हात थांबला की तळ लागतो, म्हणून घरातली माणसं पाळीपाळीनं उलथनं धरतात. गोळा पातेल्याच्या कडा सोडायला लागला की तूप न लावलेल्या थाळीत ओतायचा, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे, निवला की शंकरपाळ्याच्या आकारात वड्या पाडायच्या. तूप का नाही, हे आता वाचकाला सांगायला नको. गव्हाचा पदार्थ असून याला ना यीस्ट, ना भट्टी. ज्यू नववर्षाला युरोपात मधाचा केक करतात, इथे त्याची जागा या हलव्यानं घेतली. (बेंगळुरूच्या हनी केकचं नाव तेवढं जुळतं. त्यात बहुतेक साखरेचा पाकच असतो.) आता कित्येक घरांत चिकाऐवजी कॉर्नफ्लोअर किंवा चायना ग्रास वापरतात. वेळ वाचतो, पण वडी तशी लागत नाही.

आंबवलेलं वर्ज्य असलेल्या पेसाहचंही तसंच. हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या समाजाच्या इतिहासात या सणाचं जुनं नाव नोंदलं आहे: अनाशी ढाकाचा सण, म्हणजे आंबट कालवण ठेवलेलं भांडं झाकून बाजूला ठेवण्याचा सण. इजिप्तमधून सुटकेची कहाणी विस्मरणात गेली, पण आंबलेल्यावर झाकण घालायचं हे हातांना आठवत राहिलं. शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतिदिनाच्या, प्याल्यात वाइनऐवजी काळ्या मनुका भिजवून केलेलं सरबत, पावाच्या आशीर्वादाला खल्ला (शब्बाथचा पाव) नसेल तेव्हा चपाती. एस्थर डेव्हिड यांनी ‘बेने अपेती’ या २०२१ च्या पुस्तकात भारतातल्या पाचही ज्यू समाजांच्या अशा सोयी टिपल्या आहेत. मला यात कमतरता दिसत नाही. जे हाताशी आहे त्यातून नियम पाळणं ही दाखल्याची पाटी लावण्याहून अवघड विद्या आहे.

देवनहळ्ळीशी या समाजाचा धागाही आहे, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. देवनहळ्ळी हे टिपूचं जन्मगाव. कंपनीच्या फौजेतले बेने इस्राएल अधिकारी सॅम्युएल इझिकेल दिवेकर, मराठी नाव समाजी हसाजी, दुसऱ्या म्हैसूर युद्धात टिपूच्या कैदेत पडले. बेने इस्राएलांचं नाव कुराणात आहे म्हणून टिपूच्या आईनं रदबदली केली, असं समाजात सांगतात. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये मुंबईत मांडवीला शार हरहमीम हे सिनेगॉग बांधलं, मुंबईतलं पहिलं. पुढेही पलटणींबरोबर ही माणसं म्हैसूर मुलखात येत राहिली. बेंगळुरूच्या म्हैसूर रोडवर १९०४ पासून ज्यू दफनभूमी आहे, आणि तिथे सुभेदार सॅम्युएल नागावकरांची कबर आहे. नागाव अलिबागच्या दक्षिणेला, फार लांब नाही.

मग भारतात ज्यू बेकरी झालीच नाही का? झाली, पण बगदादी ज्यूंची. १९०२ मध्ये नहूम इस्राएल मोर्देकाय यांनी कोलकात्यात सुरू केलेलं ‘नहूम’ न्यू मार्केटमध्ये अजून आहे. चालवणारं घराणं ज्यू, भट्टीवरचे हात बहुतांशी मुसलमान, आणि सगळ्यात लांब रांग लागते ती नाताळच्या प्लम केकसाठी. शहरातले ज्यू हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरल्यावर दुकान शहराचं झालं. मुंबईत वरळीच्या ओआरटी या ज्यू संस्थेनं समाजासाठी खल्ला, केक भाजण्याचं काम केलं. तिथे गिऱ्हाईक ठरलेलं, शुक्रवारी संध्याकाळपर्यंतचं. दोन्हींचं गणित वेगळं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी बेने इस्राएल वीस हजारांच्या घरात होते, आज भारतात चारपाच हजार. एवढ्यावर दुकान चालत नाही, संस्थाच चालवू शकते.

देवनहळ्ळीत कोशेर पाव खरोखर पोचतो तो आकाशमार्गे. विमान कंपन्यांच्या यादीत कोशेर जेवणाला चार अक्षरांचा संकेत असतो, जैन आणि हिंदू जेवणांसारखाच. ते डबे कोशेर स्वयंपाकघरात भरतात, दुहेरी वेष्टनात मोहोरबंद करतात, कारण विमानातली शेगडी कोशेर नसते. वेष्टन प्रवाशासमोरच उघडायचं असा संकेत आहे. डब्यातला छोटा पाव हा तर शास्त्रार्थाचा विषय. पाव खायचा तर आधी विधीपूर्वक हात धुवायचे आणि नंतर लांबलचक आशीर्वाद म्हणायचा. विमानाच्या अरुंद वाटेत दोन्ही कठीण. म्हणून काही बेकऱ्या पीठ पाण्याऐवजी सफरचंदाच्या रसात मळतात आणि तो पाव केकच्या वर्गात ढकलतात. मला ही पळवाट लंगडी वाटते. जेवण म्हणून खाल्लं तर तो पावच, असं कित्येक रब्बीही बजावतात.

उद्या देवनहळ्ळीतल्या एखाद्या अय्यंगार बेकरीवाल्यानं विमानतळावरच्या गिऱ्हाइकासाठी कोशेर व्हायचं ठरवलं, तर? दुधाच्या मालाची वेळ, ट्रे, मळणयंत्र वेगळं. लोण्याऐवजी वनस्पती तेल. मिश्रणांचे दाखले. भट्टी एकदा पूर्ण तापवून शुद्ध करायची. मालक ज्यू नसल्याचे त्याला फायदेच अधिक. पिठातून हल्ला, म्हणजे पुरोहिताचा वाटा, काढायचा नियम ज्यूच्या मालकीच्या कणकेला आहे, त्याला नाही. शनिवारी दुकान बंद ठेवायची सक्ती नाही. पेसाहच्या आधी ज्यू बेकरीवाल्याला आंबवलेला सगळा साठा परधर्मीयाला विकून टाकावा लागतो, आणि त्या आठवड्यात कोणी ज्यूनं तो मालकीत ठेवला तर नंतरही तो खाता येत नाही. अय्यंगाराचा साठा आपला तो आपलाच. धर्मशास्त्र पाळणाऱ्या ज्यूपेक्षा धर्मशास्त्र न जाणणाऱ्या अय्यंगाराला कोशेर बेकरी चालवणं सोपं, असा हा चमत्कारिक हिशेब आहे.

त्याला परवडणार नाही तो देखरेख करणारा माणूस. आठवड्याला दोन पेट्या पाव विकले जाणार आणि त्यासाठी एका ज्यू कुटुंबाचा मुक्काम पोसायचा, हे कोणालाही झेपत नाही. मोठ्या कारखान्यांत यावर तोड निघाली आहे. ज्यू माणूस एकदा येऊन भट्टीत बारीक तापणारा दिवा लावून जातो, तो विझू द्यायचा नाही, म्हणजे पुढची प्रत्येक भाजणी त्याच्या हातची धरता येते. काही संस्थांनी त्याहून पुढे जाऊन दूर बसलेल्या रब्बीनं फोनवरून भट्टी पेटवण्याची सोयही मान्य केली आहे. बेंगळुरूसारख्या शहरात ते यंत्र जोडून देणारा माणूस मिळायला अर्धा दिवस लागणार नाही. पण वीज वारंवार जाते, आणि प्रत्येक खेपेला भट्टी पुन्हा पेटवायला तोच रब्बी फोनवर हवा.